चार दिवसांत सवय होईल

९ जानेवारी

डायरी सापडली! फ्रीजवर, रिकाम्या डब्याखाली. ताईने एक तारखेला दिली होती — "रोज दोन ओळी लिही, डोकं ताळ्यावर राहील." नऊ दिवस घर पालथं घातलं आणि ही बया माझ्या डोक्यावर वीतभर अंतरावर बसलेली. बाबा म्हणाले, "तुझं डोकंही तिथेच बघ, असेल."

१० जानेवारी

कालचं लिहिलेलं सापडेना. पानं चाळून चाळून दमलो. शेवटी जुलैत सापडलं! डायरी उघडली, जे पान आलं त्यावर लिहून मोकळा झालो होतो. छापील तारखेकडे बघतो कोण? कापून इथे चिकटवलंय. बावीस जुलैचं पान गेलं आता. त्या दिवशी काही घडू द्यायचं नाही.

ताईला फोनवर सांगितलं तर पाच मिनिटं हसत होती.

१७ जानेवारी

कारखान्यात — म्हणजे चष्म्याच्या दुकानामागची आमची खोली — आज तीन चष्म्यांचे तीन ट्रे एकदम उघडे ठेवून बसलो होतो. एकाची काच घासायला लावली, दुसऱ्याची फ्रेम गरम करायला घेतली, तिसऱ्याचं कार्ड वाचता वाचता खिडकीबाहेर कोणीतरी कपाट उतरवत होतं ते बघत राहिलो. जिन्यात अडकलं होतं ते. मी मनातल्या मनात वळवून काढलंसुद्धा! तोवर काच जास्त घासली गेली. फुकट.

मालक नुसते बघून गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुपारी गोळी घेतली. पांढरी, मधोमध रेघ. अर्ध्या तासाने डोक्यातला बाजार उठला. संध्याकाळपर्यंत एका जागी बसून सहा चष्मे काढले. ही गोळी नसती तर ही नोकरी कधीच गेली असती.

२ फेब्रुवारी

आई गेली तेव्हा घरच्या डॉक्टरांनी ही गोळी पंधरा दिवसांसाठी दिली होती. त्याला दोन वर्षं झाली. चिठ्ठीची झेरॉक्स माझ्या पाकिटात आहे. औषधांची चार दुकानं धरलीत, पाळीपाळीने जातो. चिठ्ठीवर नुसतं आडनाव आहे, म्हणून सांगतो, बाबांसाठी हवीय.

आज कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने विचारलं, "काय म्हणतायत बाबा? झोप लागते का आता?"

"लागते की. तुमच्या कृपेने."

आणि बाबा घरी शब्दकोडं सोडवत बसलेले, ठणठणीत! लाज वाटली. पण पाकीट घेतलंच.

१९ फेब्रुवारी

बाबांचा नवा चष्मा केला. आमच्या दुकानातल्या डोळे तपासणाऱ्या बाईंनी नंबर काढला, काचा मी घासल्या, मीच बसवल्या. मालक म्हणाले, घरचं काम आहे, सावकाश कर. सावकाशच केला. दोन गोळ्या घेतल्या होत्या मुद्दाम, हात स्थिर राहावा म्हणून.

बाबांनी जन्मभर यंत्राच्या कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासली. सूतभर फरक असला तरी माल परत. चष्मा हातात घेऊन त्यांनी दांड्या तपासल्या, स्क्रू तपासले, टेबलावर ठेवून डगमगतो का बघितलं. "पास," म्हणाले. बेचाळीस वर्षांच्या माणसाला एवढ्याने इतकं बरं वाटावं?

२४ फेब्रुवारी

बाबा म्हणतात फरशी वर येते. पाय टाकायला जावं तर जमीन आधीच आलेली असते. दाराची चौकटही कललेली दिसते म्हणे.

म्हटलं, "नवा नंबर आहे बाबा. चार दिवसांत सवय होईल." गिऱ्हाइकांना दिवसातून दहादा सांगतो हे वाक्य. तोंडातून आपोआप निघतं.

३ मार्च

बाबांचे गुडघे दुखतात. रात्री झोपत नाहीत. तेल आणायचं लक्षात ठेवायला हवं.

५ मार्च

तेल विसरलो.

१४ मार्च

बाबा पडले. परवा सकाळी, साडेसात वाजता, पेपर आणायला खाली जाताना. जिन्याच्या शेवटच्या सात पायऱ्या. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. काल ऑपरेशन झालं.

मी घरात होतो. शेजारच्या काकू वीस मिनिटं दार बडवत होत्या म्हणे, खाली बाबा जमिनीवर. मी झोपलेलो. काकू ताईला सांगत होत्या, "अहो, मेल्यासारखा झोपला होता हो!" ताईने माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली.

डॉक्टरांनी बाबांना विचारलं, चक्कर आली का? काही घेतलं होतं का? बाबा म्हणाले, पाय घसरला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू जेवलास का?"

ती सकाळ मला आठवतच नाही. आदली संध्याकाळ आठवते, मग एकदम काकूंचा चेहरा. मधलं सगळं कोरं.

१८ मार्च

नर्सने बाबांच्या वस्तूंची पिशवी दिली. घड्याळ, किल्ल्या, रुमाल, चष्मा. घड्याळाची काच फुटलीय. चष्म्याला मात्र ओरखडाही नाही. म्हटलं, माझं काम पक्कं आहे!

नाकावरच्या पट्ट्या जरा सैल वाटल्या म्हणून कामावर घेऊन गेलो. सहज, अगदी सहज, नंबर मोजायच्या यंत्रावर लावला.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांना सिलिंडरचा नंबर आहे. त्याला कोन असतो, काच त्याच कोनात बसवावी लागते. उजव्या डोळ्याचा वीस, डाव्याचा एकशे साठ. यंत्रावर उजवीकडे एकशे साठ आला. डावीकडे वीस.

तीनदा मोजलं. घासण्याआधीच काचांची अदलाबदल झालेली. उजव्या काचेवर शाईने खूण करायची असते, ती केली नसणार. शिकाऊ माणूससुद्धा पहिल्या आठवड्यानंतर ही चूक करत नाही.

फरशी वर येते, असं त्यांनी मला सांगितलं होतं. शब्दशः तेच, जे अशा चष्म्याने होतं! आणि मी काय म्हटलं? जाऊ दे. लिहवत नाही.

१९ मार्च

चष्मा माझ्या खणात, कुलुपात. कोणाला सांगितलेलं नाही.

२ एप्रिल

बाबा घरी आले. वॉकर. पलंगापासून खिडकीपर्यंत अठरा पावलं, मग घाम. जुना चष्मा वापरतात. नव्याबद्दल विचारत नाहीत. मी म्हटलं, दुरुस्तीला दिलाय. "बरं," म्हणाले.

व्यायाम घेणाऱ्या बाई येतात, त्यांच्याशी मात्र गप्पा रंगतात. "तुमच्या वॉकरचा डावा पाय दोन सूत आखूड आहे," असं सांगून टाकलं. बाईंनी मोजला. होता!

एवढं अचूक बघणाऱ्या माणसाला मी वाकडं जग लावून दिलं.

११ एप्रिल

रोज चार गोळ्या. बाबांच्या तोंडाकडे बघायचं असेल तर घ्याव्याच लागतात.

२६ एप्रिल

आणखी एक चूक पकडली गेली. शाळेतल्या एका मास्तरीणबाईंचा चष्मा, पुन्हा उलटसुलट. या वेळी डोळे तपासणाऱ्या बाईंनी दुकानातच पकडली. मालकांना सांगितलं नाही. मागच्या खोलीत येऊन दार लोटलं आणि उभ्या राहिल्या.

"काय घेता तुम्ही?"

मी म्हटलं, कुठे काय.

"माझ्या भावाचे डोळे असेच दिसायचे. मी डोळेच बघते हो दिवसभर."

मग मला रडू फुटलं. या वयात, हातात पकड घेऊन! त्यांनी ती काढून घेतली आणि स्टूल पुढे केलं. म्हणाल्या, भावाचे डॉक्टर चांगले आहेत, ओरडत नाहीत.

९ मे

गेलो. डॉक्टर म्हणजे माझ्यापेक्षा लहान बाई. दीड तास प्रश्न. शाळेत वस्तू हरवायच्या का? — कंपासपेट्या मोजल्याच नाहीत कधी. कोणी बोलत असताना मन भलतीकडे? — तुम्ही आत्ता काय विचारलंत? त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

शाळेची प्रगतिपुस्तकं आहेत का, असतील तर पुढच्या वेळी आणा, म्हणाल्या.

१० मे

बाबांकडे सगळी आहेत! पहिली ते दहावी, दोऱ्याने बांधून. प्रत्येक पुस्तकात तोच शेरा, बाई बदलल्या तरी शेरा तोच. "हुशार आहे, पण लक्ष नाही." "वर्गात खिडकीबाहेर पाहतो." "मन लावल्यास पुढे येईल." आणि खाली बाबांचं अक्षर — "तपासले", आणि सही.

१६ मे

लक्ष न टिकण्याचा आजार. लहानपणापासूनचा. मोठ्या माणसांतही राहतो म्हणे, फक्त माणूस तो लपवायला शिकतो. ऐकून आधी हलकं वाटलं. म्हणजे मी आळशी नव्हतो. बेफिकीर नव्हतो. मग इतका राग आला की बाहेर येऊन बाकावर तासभर बसलो. बेचाळीस वर्षं!

डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्याकडे लक्ष कमी नाही. ते एका जागी बसत नाही. आणि या गोळीने ते बसलं नाही, सगळंच झोपलं. चुका होतच होत्या, तुम्हाला त्या टोचेनाशा झाल्या."

गोळी एकदम बंद करायची नाही, त्यात धोका आहे. हळूहळू कमी करायची, त्यांच्या देखरेखीखाली. गोळ्या घरातल्या कोणाच्या तरी ताब्यात द्यायच्या.

आणखी एक विचारलं. काही केलेलं नंतर आठवत नाही, असं होतं का? या गोळीने होतं म्हणे. माणूस उठतो, बोलतो, कामं करतो, आणि त्याची नोंदच राहत नाही. मी सांगितलं — एकदा सकाळी उठलो तर सगळे कपडे घड्या करून ठेवलेले. बाबांना म्हटलं, कशाला त्रास घेतलात? ते म्हणाले, "तूच केलेस की. पहाटे. माझ्याशी बोललाससुद्धा." आम्ही हसलो होतो तेव्हा.

१७ मे

बाबांना गोळ्यांबद्दल सांगितलं. सगळं नाही, गोळ्यांपुरतं. दोन वर्षं, चार दुकानं, त्यांच्या नावाने बोललेलं खोटं. पाकिटं त्यांच्या हातात दिली. त्यांनी एक गोळी काढून तळहातावर घेतली, रेघेवरून नख फिरवलं, खूप वेळ बघत राहिले.

"हीच ना ती?"

म्हटलं, हीच. माझा खण कधीतरी उघडून बघितला असणार. मग गोळ्या आपल्या जुन्या डब्यात ठेवून कुलूप लावलं, हिशेबाच्या वहीला रेघा मारल्या, रकाने पाडले. बाबाच ते.

२९ मे

भयंकर. हात थरथरतात. भिंतीपलीकडच्या नळाचा आवाज डोक्यात टपटपतोय. बाबांवर ओरडलो, अर्धी जास्त द्या म्हणून. ते वॉकर धरून उभे राहिले, डब्याच्या आणि माझ्या मधे. एका पायावर. "नाही," एवढंच म्हणाले.

नंतर मीच त्यांना खुर्चीत बसवलं.

१२ जून

मालकांना सांगून टाकलं. फेब्रुवारीपासूनचं माझं सगळं काम परत तपासा. वाटलं, आता हाकलतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आधी तपासू," म्हणाले. "मग तुझं बघू."

२१ जून

डोळे तपासणाऱ्या बाई आणि मी, रोज संध्याकाळी गिऱ्हाइकांना फोन. "मोफत तपासणी आहे, चष्मा घेऊन या." आणखी दोन निघाले चुकीचे. एक आजोबा म्हणाले, "मला वाटलं मीच म्हातारा झालो." त्यांनी गाडी चालवणं सोडून दिलं होतं! नवा चष्मा लावल्यावर ते माझेच आभार मानायला लागले. पळून जावंसं वाटलं.

मालकांनी ठेवलं आहे. पण घासायच्या यंत्राला हात लावायचा नाही. फ्रेमा पुसतो, डब्यांत भरतो. बरोबर आहे.

६ जुलै

आता चौथाई गोळी. मूळ आजाराचं नवं औषध सुरू झालंय. जादू वगैरे काही नाही. पण काल एक अख्खं पान वाचलं आणि शेवटी आलो तेव्हा सुरुवात आठवत होती.

आता फक्त एक राहिलं. चष्मा अजून खणात आहे. बाबांना सांगायचं आहे. रोज ठरवतो, रोज चहा होतो, कप विसळून होतात.

२२ जुलै

आज पान नाही! म्हणून चिठ्ठीवर लिहून चिकटवतोय. काही घडू द्यायचं नव्हतं ना आज?

सांगितलं. जेवण झालं, ताट उचलायच्या आधीच चष्मा त्यांच्यापुढे ठेवला. "बाबा, काचा उलट बसवल्यात मी. गोळ्या घेऊन बसवल्या. म्हणून फरशी वर येत होती. म्हणून पडलात तुम्ही." सगळं एका दमात.

त्यांनी चष्मा उचलून उजेडाकडे धरला. मग म्हणाले, "हो, कोन चुकलाय हे तिसऱ्या दिवशीच लक्षात आलं होतं माझ्या."

"मग बोलला का नाहीत?"

"तू फार खूश होतास."

मी रडायला लागलो. तर म्हणाले, "पण त्या सकाळी मी तो घातलाच नव्हता. जिन्यात मी तो खिशात ठेवायचो. तीस वर्षांचा जिना आहे, डोळे मिटून उतरतो मी."

"मग पडलात कसे?"

"पडलो. पाय जड होते जरा."

माझे बाबा! सूतभर फरक पडला तर माल परत करणारा माणूस माझ्यासाठी खोटं बोलतोय. मी म्हटलंसुद्धा, बाबा, मला सांभाळून घेऊ नका. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आई गेल्यावरही ठेवला नव्हता.

मग म्हणाले, "दहा वर्षं एकच शेरा येत होता. मी दर वेळी 'तपासले' लिहून सही ठोकली. तपासलं कुठे?"

३० जुलै

मालकांनी आज पहिल्यांदा यंत्र दिलं. एक ट्रे. एक कार्ड. बाकी टेबल रिकामं. उजव्या काचेवर शाईने 'उ', डावीवर 'डा'. मोजलं, लिहिलं, परत मोजलं, डोळे तपासणाऱ्या बाईंनी मोजलं. बाबांचा चष्मा. अडीच तास लागले! पूर्वी वीस मिनिटांत करायचो आणि मिरवायचो.

१ ऑगस्ट

शेवटची चौथाई कालच संपली. बाबांनी वहीतल्या शेवटच्या रकान्यात बरोबरची खूण केली आणि खाली दोन रेघा मारल्या.

५ ऑगस्ट

बाबा जिना उतरले! नवा चष्मा लावून, एक हात कठड्यावर, एक माझ्या खांद्यावर. बेचाळीस पायऱ्या. खाली पोचल्यावर काकूंनी टाळ्या वाजवल्या. बाबा म्हणाले, "फरशी जागेवर आहे."

पाच महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचा दगड जरा सरकला. ते मुळीच न घातलेल्या चष्म्याची गोष्ट अजून तशीच सांगतात. सांगू देत. माफ करायची त्यांची पद्धत असेल ती.

६ ऑगस्ट

आजचं पान आधीच भरलेलं आहे. हे मी समासात लिहितोय. अक्षर माझंच, वाकडंतिकडं, ओळीवरून खाली घरंगळलेलं. वर तारीखही मीच घातलीय. १२ मार्च. बाबा पडले तो दिवस.

"पहाटे पाच. बाबा खुर्चीत बसून. गुडघे. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. माझ्या गोळ्यांतली एक दिली. विचारत होते, काही होणार नाही ना? म्हटलं, मी रोज घेतो की! आता दुपारपर्यंत मस्त झोपतील. मीही अजून एक घेऊन"

एवढंच आहे.

बाबा दारात उभे आहेत, चष्मा लावून. जिना उतरायला हाक मारतायत.